हिरव्या पेन्सिलीचा डावा समास

मेट्रनचं पत्र, चष्म्याला
गुरुवार, ४ मार्च

चष्मा,

आज सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी पोस्टमनने गडबडी चेटकिणीच्या गोष्टींचा तेरावा भाग माझ्या हातात दिला आणि ११ वाजून ३५ मिनिटांनी माझी फसवणूक झाल्याचं मला कळलं. वेळ घड्याळात पाहून लिहिली आहे. चौतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई वेळ अंदाजाने सांगत नाही.

पान चाळीस आठव. पानभर चित्र आहे. उजवीकडे गडबडी हवेत उलटी लटकली आहे, तिची टोपी खाली पडते आहे, आणि डावीकडे अर्धं पान अडवून तिचा तो आडमुठा झाडू रुसून उभा आहे. तो झाडू, ज्याला फक्त डावीकडे वळता येतं. ज्याच्यामुळे बिचारीला उजवीकडे जायचं तर तीनदा डावीकडे वळावं लागतं आणि चेटकीण असून शाळेत रोज उशीर होतो. पहिल्या भागात त्या झाडूशेजारी तू लिहिलं होतंस, ‘माझे यजमान असेच होते.’ आणि आता काय लिहिलंस? ‘झाडू कुठे गेला? या भागात त्याला सुट्टी दिली का?’

पान बासष्ट. थोरली चेटकीण आजारी पडली म्हणून तिची बडबडी कढई जन्मात पहिल्यांदा गप्प बसते. बेकरीवालीने तिथे जांभळ्या पेन्सिलीने लिहिलं आहे, ‘इथे मी भट्टी सोडून रडले.’ तिच्याखाली तुझं हिरवं अक्षर, ‘बरं झालं एकदाची गप्प बसली! हा हा!’

लाज नाही वाटली?

एकोणीस वर्षं आपण पाच बायका एकच प्रत फिरवतो आहोत. पहिली मी लाल पेन्सिल घेऊन, मग पोस्टवाली निळी, बेकरीवाली जांभळी, धाकटी पिवळी (अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी धाकटीच), शेवटी तू, आणि फिरून माझ्या कपाटात. प्रत्येकीला एकवीस दिवस. पुस्तक कुणीही विकत घेऊ शकतं. आपण वाचतो ते समास. मी वर्षभर वाट बघते ती गडबडीची नव्हे, गडबडीला तुम्ही चौघी कुठे हसलात त्याची. आणि तू न वाचताच काहीतरी खरडून ढकलून दिलंस. तेही आळशासारखं सगळं उजव्याच समासात.

कंटाळा आला असेल तर तसं सांग. मंडळाच्या नियमाप्रमाणे नाव कमी करू. खुलासा लेखी हवा, १५ मार्चच्या आत.

मेट्रन

•

चष्म्याचं उत्तर
शनिवार, १३ मार्च

मेट्रनबाईसाहेब,

समन्स मिळालं. वाचून हसू आलं, मग राग आला.

झाडू नव्हता. भिंग घेऊन पाहिलं. आणि ते पुस्तक फार वाईट छापलंय, तुमच्यापैकी एकीच्याही लक्षात कसं आलं नाही? ओळींना सुरुवातच नाही, नुसती शेपटं. शेपटाला शेपूट जोडत मी तीन आठवडे वाचलं. आळशी म्हणतेस? तुझं पत्रही तसंच तुटक. कॉन्व्हेंट शाळेतल्या आपल्या सिस्टरने पाहिलं असतं तर पट्टीने बोटं लाल केली असती.

एक सांगते, हसू नकोस. मला घरात भीती वाटते. वस्तू नाहीशा होतात. चहाचा कप ठेवला की नाहीसा. सूनबाईला हाक मारली की ती येते आणि टेबलावरूनच, माझ्या नाकासमोरून उचलून हातात देते. तोंड वाकडं करून. रोज. तीच लपवते, दुसरं कोण? जेवायला अर्धंच वाढते. मागितलं तर म्हणते, ‘आई, आहे की ताटलीत.’ माणसं न चालताच अंगावर येतात. काल शेजारीण अशी एकदम उगवली की मी किंचाळले. गडबडीचे मंत्र चुकतात तेव्हा असंच होतं ना, माणसं भलतीकडेच उगवतात. पुस्तकात मजा वाटते. घरात नाही वाटत.

मुलगा बोटीवर आहे, मे महिन्यात येईल. त्याला काही लिहू नकोस, तिथे बसून काय करणार तो. आणि मला मंडळातून काढू नका. चौदावा भाग एप्रिलमध्ये येणार ना? तेवढ्यावर दिवस ढकलते आहे.

चष्मा

•

मेट्रनचं पत्र, चष्म्याच्या सुनेला
गुरुवार, १८ मार्च

सूनबाई,

मी तुमच्या सासूबाईंची शाळेपासूनची मैत्रीण. तुमच्या लग्नाच्या फोटोत पहिल्या रांगेत सगळ्यांत रागीट दिसणारी बाई म्हणजे मी. तो चेहरा आठवून पुढचं वाचा.

तुमच्या सासूबाईंचं पत्र आलं आहे. कागदाची डावी अर्धी बाजू कोरी. सगळी अक्षरं उजव्या कडेला, एकमेकींच्या अंगावर चढलेली, ओळी कागदाबाहेर घसरायला आलेल्या. जी बाई समास आखल्याशिवाय सामानाची यादीसुद्धा लिहीत नाही, ती असं कधी लिहील? अर्धा कागद वहीखाली लपवून, एक डोळा दाराकडे ठेवून लिहील तेव्हा. कुणाच्या भीतीने, ते तुम्हाला विचारायचं आहे.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या वस्तू लपवणं, पोटाला अर्धंच वाढणं आणि वर तोंड वाकडं करणं, याला माझ्या भाषेत एक शब्द आहे. तो मी कागदावर लिहीत नाही, कारण मला कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांनी वाढवलं.

सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी मी फोन केला. तिन्ही वेळा ‘आई झोपल्यात’. इतकी झोप माझ्या वॉर्डात फक्त भूल दिलेल्या पेशंटला येत असे. तुमच्या शहरात वृद्धांच्या तक्रारी घेणारं कार्यालय आहे. तिथल्या प्रमुखबाई पूर्वी माझ्या हाताखाली नर्स होत्या आणि अजून माझं नाव काढलं की उभ्या राहतात. जानेवारीत माझं मांडीचं हाड मोडलं, मी वॉकरच्या चौकटीला धरून घरातल्या घरात चालते, म्हणून तुम्ही वाचलात. नाहीतर पत्राऐवजी मीच आले असते.

लेखी उत्तर २६ मार्चच्या आत.

मेट्रन

•

सुनेचं उत्तर
बुधवार, २४ मार्च

मावशी,

तुमचं पत्र मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत उघडलं. डबा तसाच परत आणला. मी बुटांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर असते. दिवसाला चारशे जोड हाताखालून जातात. डावा-उजवा जुळतो का, टाके सरळ आहेत का, बघायचं. आठ तास मान खाली. घरी आल्यावर माझ्यापुढे काय असतं ते आता ऐकाच.

अर्धं वाढते म्हणता? मी पूर्ण वाढते. आई अर्धं खातात. ताटलीच्या मधोमध रेघ मारल्यासारखं एका बाजूचं चाटूनपुसून, दुसऱ्या बाजूला हातही नाही. आणि वर ‘पोट भरलं नाही, अजून दे’. एकदा वैतागून मी ताटली नुसती फिरवून समोर ठेवली. तेच उरलेलं खाल्लं आणि म्हणाल्या, ‘आता कसं नीट वाढलंस!’ छळ कोण कुणाचा करतंय, मावशी?

कप मी लपवत नाही. तो तिथेच असतो. केस अर्ध्याच डोक्याचे विंचरतात. उजव्या पायात चप्पल घालतात, डावा पाय अनवाणी, आणि मी म्हटलं तर ‘घातल्यात की दोन्ही’. दाराच्या चौकटीवर डावं कोपर रोज आपटतात. हात काळानिळा झालाय. शेजारीण मला जिन्यात गाठून विचारते, ‘सासूबाईंवर हात टाकता का हो?’ मला त्या दिवशी तिथेच बसावंसं वाटलं.

मागच्या सोमवारी दूध तापवताना त्यांच्या पदराने पेट घेतला, डावीकडून. पेटलाय हे त्यांना कळलंच नाही. ‘जळल्याचा वास येतोय, बघ गं काय करपलं,’ म्हणाल्या, मला! मी तो हातांनीच विझवला. माझ्या दोन बोटांना अजून पट्टी आहे. तुम्ही झोपेबद्दल टोमणा मारला. हो, तीन दिवस मी खोटं बोलले. आई फोनवर ‘सून मला उपाशी मारते’ असंच सांगणार होत्या, आणि मला ते ऐकवलं नसतं.

मला त्या घरात भीती वाटते. यांचं पत्र महिन्याने येतं. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर आई म्हणतात, ‘मला काय धाड भरलीय? तुझं डोकं तपासून घे.’ माझ्या मते हे सगळं तुमच्या त्या चेटकिणीच्या पुस्तकांमुळे आहे. या वयात मंत्र आणि झाडू! डोकं फिरणार नाही तर काय. पुढचा भाग आला तर दारातूनच परत करीन. फोनची वायर काढून ठेवली आहे. आता फोन करू नका.

आणि तुमच्या त्या प्रमुखबाईंना खुशाल पाठवा. निदान घरात कुणीतरी दुसरं माणूस येईल.

तुमच्या चष्म्याची सून

•

मेट्रनचं पत्र, सुनेला, पोस्टवालीच्या हस्ते
रविवार, २८ मार्च

सूनबाई,

हे पत्र घेऊन आलेली बाई आमची निळी पेन्सिल, म्हणजे पोस्टवाली. ती तुमच्यापासून चार तासांवर राहते. पत्राची हकिगत मी तिला काल फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘पुढचं माझं काम,’ आणि रात्रीच्याच गाडीने माझ्याकडे आली. तिला दारातून परत पाठवू नका. तिने आयुष्यभर लोकांची पत्रं वेळेवर पोचवली, हे तिच्या नोकरीबाहेरचं पहिलं.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा चिडून. दुसऱ्यांदा ‘ताटली फिरवली’ इथे थांबले. तिसऱ्या वेळी मी उभी राहिले होते, जे मला डॉक्टरांनी एकटीने करायला मना केलं आहे.

मग मी कपाटातून नवव्यापासून तेराव्यापर्यंत पाच भाग काढले आणि पलंगावर उघडून ठेवले. नवव्या भागात हिरवी पेन्सिल दोन्ही समासांत बागडते आहे. दहाव्यात डावीकडचे शेरे निम्म्यावर आलेले. अकराव्यात डावीकडे मी सातच मोजले. बाराव्यात एक, तोही पानाच्या अगदी आत सरकलेला. तेराव्यात एकही नाही.

तिला डावीकडचं दिसत नाही, सूनबाई. डोळे धड असतील. मेंदूच्या उजव्या बाजूला काही बिघडलं की माणसाला जगाची डावी बाजू उरतच नाही. ताटलीची, आरशातल्या चेहऱ्याची, अंगावरच्या कपड्याची, पुस्तकातल्या ओळीची. आणि आपल्याला ती उरलेली नाही हेही त्याला कळत नाही. म्हणून ती शपथेवर सांगते, वस्तू लपवल्या, कमी वाढलं, ओळींना सुरुवात नाही. ती खोटं बोलत नाही. तुम्हीही नाही. खोटी ठरले मी. डोक्याच्या वॉर्डात मी अकरा वर्षं काढली. असे पेशंट मला दारातून ओळखू येत. आणि माझ्या स्वतःच्या मैत्रिणीची डावी बाजू चार वर्षांत पाच भागांमधून पुसट होत गेली, तेव्हा मी बाराव्या भागात लाल पेन्सिलीने तिच्या शेऱ्याखाली लिहिलं, ‘आळस वाढला आहे.’

माफी मागायची मला सवय नाही. जमेल तशी मागते आहे. तुमच्या बोटांची पट्टी मला उत्तर म्हणून दाखवायची वेळ तुमच्यावर यायला नको होती.

आता हे करा. तिला कोरा कागद द्या आणि मोठं घड्याळ काढायला सांगा, सगळे आकडे घालून. काही सुचवू नका, हसू नका. पोस्टवालीलाही पाहू द्या. घड्याळ कसं येतं ते पाहिलं की माझ्यावर विश्वास ठेवायची गरज उरणार नाही. मग तो कागद घेऊन त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा. ‘सासूबाई विसरभोळ्या झाल्यात’ असं सांगू नका, नाहीतर टॉनिक देऊन घरी पाठवतील. घड्याळ टेबलावर ठेवा, पदर पेटल्याचं सांगा आणि डोक्याचा फोटो काढल्याशिवाय उठू नका. कुणी कुरकुर केली तर माझं नाव आणि हुद्दा सांगा. ‘निवृत्त’ हा शब्द गाळा.

हे हळूहळू झालं आहे, म्हणून वेळ असेल असं मी स्वतःला सांगते आहे. पण किती, ते मला माहीत नाही.

सोबत तेरावा भागही पाठवते. परत करू नका. फोनची वायर लावा.

मेट्रन

•

सुनेचं पत्र
शनिवार, ३ एप्रिल

मावशी,

फोनवर मला रडू येतं आणि पुढचं राहून जातं, म्हणून लिहिते.

घड्याळ आईंनी फार मन लावून काढलं. गोल चांगला आला. मग बाराचा आकडा वर, एक, दोन, आणि असं करत सगळे बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले. डावीकडे नुसती रेघ. मी विचारलं, ‘आई, झालं पूर्ण?’ म्हणाल्या, ‘हो, आणि तुझ्या त्या कारखान्यातल्या घड्याळापेक्षा सुबक आहे.’ पोस्टवाली मावशी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या.

मी रोज चारशे जोड जुळवते. डावा बूट जरा मोठा निघाला तर हाताला कळतं. आणि घरात एक माणूस फक्त उजव्या बाजूने वावरत होतं, ते मला दीड वर्ष हट्ट वाटला. झोप लागत नाही, मावशी.

फोटो काढला. उजवीकडे लिंबाएवढी गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं वाढत असणार, जातीने वाईट दिसत नाही, पण आता जागा उरलेली नाही, काढायलाच हवी. मंगळवार, १३ एप्रिल, सकाळी आठ वाजता. डावी बाजू परत येईल का विचारलं तर म्हणाले, ‘येईलही, थोडी येईल, सांगता येत नाही.’ बाकीचं जे सांगितलं ते मी ऐकलं पण लिहीत नाही.

आई सही करायला तयार नाहीत. पहिले दोन दिवस ‘मला काही झालेलं नाही’ हाच पाढा. पलंगाशेजारच्या बाईंना सांगत होत्या, ‘सुनेने आणून टाकलंय, घर मोकळं करायला.’ मी ऐकून घेतलं. तुमच्या पत्राने सवय झाली आहे.

मग परवा दुपारी वेळ जात नव्हता म्हणून मी तेरावा भाग काढला आणि मोठ्याने वाचू लागले. माझा त्या पुस्तकावर राग होता, पण हॉस्पिटलात दुसरं काही नव्हतं. पान चाळीसला आले. झाडू रुसतो आणि गडबडी त्याला म्हणते, ‘बरं बाबा, उजवीकडे जाऊच नको, तू नुसता तीनदा रूस.’ आई इतक्या हसल्या की नर्स बघायला आली. मीही हसले, खरं सांगते. मग त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, ‘अगं, झाडू आहे की यात!’

मी म्हटलं, ‘आहे ना. चित्रातही आहे.’

‘कुठे?’

मी त्यांचं बोट धरून कागदावरून सरकवत सरकवत डावीकडे नेलं आणि झाडूवर ठेवलं. त्यांनी बोट झाडूभर फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, ‘हा इथे होता, आणि मला नव्हता. मग अजून काय काय आहे गं, जे मला नाही?’

तेव्हापासून त्यांनी कुणाला दोष दिला नाही. तेव्हापासून त्या घाबरल्यात. माझा हात सोडत नाहीत. मी डाव्या बाजूला बसले की ‘गेली का ही?’ म्हणून हाका मारतात. सही अजून केलेली नाही. म्हणतात, ‘गाठ काढताना उरलेलं अर्धंही गेलं तर?’ यांना तार केली आहे, पण बोट भर समुद्रात आहे, तेरा तारखेच्या आत पोचणं शक्य नाही.

तुमचं त्या ऐकतील. तुमचं सगळे ऐकतात असं दिसतं. लवकर लिहा. मी मोठ्याने वाचीन.

तुमची
सून (आता तुमचीही समजा)

•

मेट्रनचं पत्र, चष्म्याला, सुनेने मोठ्याने वाचावं
मंगळवार, ६ एप्रिल

चष्मा,

सूनबाईला तुझ्या उजवीकडे बसव आणि ऐक. मधे बोलू नकोस.

गुरुवार, ४ मार्च, सकाळी ११ वाजून ३५ मिनिटांनी माझी फसवणूक झाली, असं मी तुला लिहिलं होतं. नोंद चुकीची होती, दुरुस्त करते. त्या वेळी गुन्हा माझ्याकडून घडला. पुरावा मांडीवर होता, मला तो वाचता येत होता, आणि मी तुला आळशी म्हटलं. हे मी सुनेकडून वाचवून घेते आहे, म्हणजे साक्षीदार राहील.

आता तुझा प्रश्न. उरलेलं अर्धंही गेलं तर? जाऊ शकतं. मी तुला खोटं सांगणार नाही, कारण पेशंटला खोटं सांगणाऱ्या नर्सेसना मी वॉर्डाबाहेर काढलेलं आहे. अशा ऑपरेशनला जाणारी माणसं मी शंभरावर तयार केली. त्यांचे केस मी कापले, घड्याळं आणि अंगठ्या काढून कपाटात ठेवल्या. बहुतेकांना त्या परत दिल्या. काहींना नाही दिल्या. ज्यांनी ऑपरेशन नको म्हटलं त्यांचीही मला आठवण आहे. त्यांचं अर्धं उरलं नाही. त्यांना फक्त ते जायला जास्त दिवस लागले, आणि ते दिवस चांगले नव्हते. एवढंच मला माहीत आहे. यापेक्षा जास्त माहीत असल्याचा आव आणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस.

तू घाबरली आहेस, ते बरोबर आहे. गेला महिनाभर तू सुनेला घाबरत होतीस, ते चूक होतं. निदान आता तुझी भीती योग्य ठिकाणी आली आहे.

आणि मी? चौकटीला धरून इथे या खोलीत फेऱ्या मारते आहे. दाई, नर्स, सिस्टर, मेट्रन, सगळं झाले, आयुष्यात पहिल्यांदा मला पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहावं लागतं आहे, आणि तेही दुसऱ्या गावात. मला ते जमत नाही. काल दुधावरची साय काढताना भांडं उपडं केलं आणि वर त्याच्यावरच ओरडले.

आठवतं, माझी बहीण गेली त्या वर्षी मी सहा आठवडे कुणाशी बोलले नव्हते? सगळे शब्दांची टोपली घेऊन भेटायला येत. तू आली नाहीस. तू एक मुलांचं पुस्तक पाठवलंस, चेटकिणीचं. मी ते भिंतीवर फेकणार होते. तेवढ्यात पहिल्याच पानावर, डाव्या समासात, हिरव्या पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, ‘हिची टोपी बघ, आपल्या सिस्टरची आहे.’ होतीच तशी. मी हसले. मग मला रडता आलं. मंडळ तिथून सुरू झालं, कुणाला वाटत असेल गडबडीमुळे. ती बापडी नंतर आवडली.

आता कामाचं. चौदावा भाग काल आला. मी तो वाचलेला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा लाल पेन्सिल पहिली गेलेली नाही. आम्ही चौघींनी फोनवर ठराव केला आहे, एकमताने. बेकरीवाली रडत होती, तिचं मत मी होकारार्थी धरलं. हिरवी पेन्सिल चालल्याशिवाय या भागावर कुणीही काही लिहिणार नाही, कुणीही वाचणार नाही. धाकटीने तर स्वतःसाठी चोरून विकत घेतलेली प्रत मला पाठवून दिली. नियम मोडल्याबद्दल तिची नंतर खबर घेईन.

पुस्तक या पत्रासोबत आहे. पानं चाळायला सूनबाईला सांग. प्रत्येक पानावर डाव्या समासाच्या काठाला वरपासून खालपर्यंत जाड लाल रेघ आहे. ती मी मारली आहे. दोनशे सोळा पानं, पट्टी लावून, आणि शपथेवर सांगते, एक शब्दही न वाचता. आमच्या वॉर्डात ऑपरेशननंतर पेशंटला असंच वाचायला शिकवत. ओळ कुठे सुरू होते ते डोळ्याला कळत नाही, म्हणून त्याला सांगायचं, लाल रेघ सापडेपर्यंत मागे जात राहा. रेघ सापडली नाही तर ओळ सुरू झालेली नाही. थकायला होतं, चीड येते, माझ्यावर चिडायची तुला मुभा आहे. काहींना दोन महिन्यांत रेघ लागेनाशी झाली. काहींना जन्मभर लागली. लागली तर लागली. मी दर वर्षी मारत जाईन, हाताला काम राहील.

सही कागदावर खाली डावीकडे करायची असते. म्हणून तुला जागा सापडत नसणार, आणि तू म्हणत असशील, इथे सहीची जागाच नाही. आहे. सूनबाई, तिचं बोट धरा, झाडूवर ठेवलंत तसं ठेवा, आणि मग हातात पेन द्या. पदर विझवणाऱ्या हातावर तिने विश्वास ठेवायला हरकत नाही.

मंगळवारी सकाळी आठ वाजता मी इथे उभी असेन. बसायला सांगितलेलं आहे, बसणार नाही. पोस्टवाली आणि बेकरीवाली सोमवारीच तुमच्याकडे पोचतील. बेकरीवाली खायला काहीबाही आणेल. तुला ऑपरेशनआधी काही खाता यायचं नाही, तेव्हा ते सगळं सूनबाईने खावं. डबा परत नेलेला मला चालणार नाही.

तुझा खुलासा अजून आलेला नाही. मागचा मी फेटाळला आहे. नवा लेखी हवा, हिरव्या पेन्सिलीने, चौदाव्या भागाच्या पहिल्या पानावर. अक्षर वेडंवाकडं चालेल. एक शब्द चालेल. ‘झाडू’ लिहिलंस तरी चालेल. शुक्रवार, ३० एप्रिल, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत ते पान माझ्या हातात पडलं पाहिजे. पोस्टवाली स्वतः आणून देईल, त्यामुळे टपालाची सबब ऐकली जाणार नाही. मुदतवाढ मिळणार नाही.

उत्तर डाव्या समासात हवं. लाल रेघेच्या पलीकडे. उजवीकडचं उत्तर मी स्वीकारणार नाही.

मेट्रन